टेकडीवरची अप्रीलिया

माझा नवरा ओत्ताविओ गेला, त्याच्या पुढच्या नोव्हेंबरात देल्मो सकाळीच आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्याचा हा जिवाभावाचा दोस्त. तीस वर्षं दोघं एकाच गोष्टीवरून भांडले: ओत्ताविओची अडतीस सालची लान्चा अप्रीलिया मोटार भारी, की देल्मोची चौसष्टची अल्फा जूलिया? दर वर्षी शर्यत लावून टेकडीवरच्या खानावळीत जेवायला जायचे.

"वहिनी, यंदा त्याची अप्रीलिया तू चालव."

"आणि हरले तर?"

"हरशीलच. तुझा नवरा गाडी नाही, कपाट चालवायचा."

"तो म्हणायचा, तुझी नुसती धावते, त्याची विचार करते."

देल्मो हसला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले.

निघालो. अप्रीलियाचं स्टिअरिंग उजवीकडे, जुन्या पद्धतीचं. तिथून दरीची कड नेमकी दिसते. जूलिया पाच गिअरची, ताज्या दमाची. दुसऱ्याच वळणाला पुढे निघून गेली.

मग धुकं उतरलं. दाट, ओल्या पाचोळ्याच्या वासाचं. माझं इंजिन हळूच बंद पडलं, डोळा लागावा तसं... टपावर थेंब पडत होते, तेवढाच आवाज. आणि गाडीत पाइपच्या तंबाखूचा वास आला. ओत्ताविओचा. मी मान वळवली नाही.

पंधरा मिनिटांनी धुकं विरलं, तसं इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. वर पोहोचले, तर जूलिया रस्त्यात तिरकी उभी. तिच्यापुढे हातभर अंतरावर रस्ताच नव्हता. कडा ढासळून दरीत गेला होता.

देल्मो दगडावर बसला होता.

"तुमची गाडी माझ्या डावीकडून पुढे गेली... ओत्ताविओ चालवत होता. कोपर खिडकीबाहेर, नेहमीसारखं. त्यानं हात केला, थांब म्हणून. मी ब्रेक दाबला."

"मी खाली होते, देल्मो. गाडी बंद होती."

"गाडी सरळ गेली, वहिनी. तिथून..." त्यानं दरीकडे बोट दाखवलं.

मी त्याचा हात धरला. रडू येत होतं, आणि बरंही वाटत होतं. मेल्यावरही दोस्ताला जपलं माझ्या माणसानं.

"एकटाच होता?"

"शेजारी तू होतीस. हसत होतीस. फक्त..." तो माझ्या डोक्याकडे बघत राहिला. "केस पांढरेशुभ्र होते."

मला तेव्हा सत्तेचाळिसावं लागलं होतं. डोक्यात एकही केस पिकलेला नव्हता.