सांगितलेला सिनेमा

जुन्या सिनेमात हिरोईनला क्षय व्हायचा, पण तिचा श्वास पुरायचा. गाण्याची सगळी कडवी संपल्याशिवाय ती मरत नसे. नव्या सिनेमात क्षय नाही, गाणंही नाही. सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात आणि पडद्यावर इतका अंधार असतो, की डोळस आणि आंधळा एकाच रांगेत येतात.

ही मतं मी जळगाव जामोदच्या आमच्या घरात रोज दुपारी, जेवणं झाली की मांडत असे. श्रोता एकच, माझी बायको अन्नपूर्णा. काचबिंदूने तिची नजर गेली. उमेदीत आम्ही गावात आलेला एकही सिनेमा सोडला नव्हता, म्हणून आता मी टीव्ही लावायचा आणि काय दिसतं ते तिला सांगायचं, असं ठरलं. जन्मभर पेपरात विनोदी सदर लिहून पुढाऱ्यांची टिंगल केली. निवृत्तीनंतर हिरोंना धरलं. हिरो धावला की मी सांगायचो, "पोट सांभाळून पळून राह्यला." ती पदर तोंडाला लावून हसायची. ते हसू ऐकायला मी वाईट सिनेमेही शेवटपर्यंत पाहिले.

पहिल्यांदा तिने विचारलं ते एका काळ्यापांढऱ्या सिनेमात. कोर्ट भरलेलं, वकील टेबलावर मूठ आपटत होता.

"मांगं उभी हाये ते बाई कोन हो?"

मागे भिंत होती, भिंतीवर घड्याळ होतं. बाई नव्हती. तिला म्हटलं, हा तू डोळे असताना पाहिलेला. दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमातली बाई यात घुसली असेल. आपल्याकडे तशा अख्ख्या कथाही घुसतात.

मग एक कोरा नवा सिनेमा लावला. अंतराळयानाचा. पृथ्वी सुटली होती आणि हिरो काचेला नाक लावून रडत होता. अन्नपूर्णा म्हणाली, "इथंबी हाये ते. जांभळं लुगडं. त्याच्याच मांगं."

लुगडं नेसून कुणी अंतराळात गेल्याचं माझ्या वाचनात नव्हतं. तसं मी म्हणालो आणि हसलो. ती हसली नाही.

खामगावला डोळ्यांच्या डॉक्टर आहेत, फलक मॅडम. त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, घाबरू नका काका, नजर गेली की कधीकधी मेंदू स्वतःच चित्रं दाखवतो. मला पटलं. निर्माता मेंदू, दिग्दर्शक मेंदू, तिकीट माफ. पण ही बाई दर सिनेमात थोडी पुढे येत होती. पाणवठ्याच्या गाण्यात ती लांब रहाटामागे होती. पोलिसांच्या सिनेमात फौजदाराच्या खांद्याशी होती. नंतरच्या कौटुंबिक सिनेमात सगळं कुटुंब तिच्यामागे झाकलं गेलं.

एका दुपारी पडद्याकडे तोंड करून अन्नपूर्णा सहज बोलून गेली.

"मले हात करून राह्यली. चाल म्हन्ते."

"मंग तू काय म्हटलं?"

"येतो म्हटलं. कवाची उभी हाये बिचारी."

मी टीव्ही बंद केला. प्लग उपटला. बाहेर ऊन रणरणत होतं, आत नुसता कूलर घरघरत होता. गेली का, असं विचारलं. तिथंच हाये, म्हणाली. काळ्या काचेवरून तिचं तोंड हललं नाही.

मी लिहिणारा माणूस. पात्र नको झालं की मारायचं नाहीतर गावाला पाठवायचं, एवढीच विद्या मला येते. मारायची हिंमत झाली नाही. म्हणून बंद टीव्हीसमोर बसून मी माझाच सिनेमा सांगायला घेतला. आपला बसस्टँड. नांदुऱ्याची बस लागलेली. आणि मी त्या बाईला पहिल्यांदा माझ्या तोंडाने पडद्यावर घेतलं. म्हटलं, ते पाहाय, जांभळ्या लुगड्याची बाई बसमध्ये चढली. खिडकीशी बसली. बाजूची सीट रिकामी.

"रिकामी नाई," अन्नपूर्णा म्हणाली. "रुमाल टाकला तिनं."

रुमाल टाकला म्हणजे जागा धरली. कुणासाठी, हे मी विचारलं नाही. दिवाणाखाली अन्नपूर्णाचे पाय चपला शोधत होते.

मी घाईघाईने ड्रायव्हरला चहाला पाठवलं. तेव्हा ती पुन्हा टेकून बसली.

त्या दिवसापासून आमच्याकडे सिनेमा बंद. रोज दुपारी तीच बस, आणि ती न सुटण्याची कारणं. टायर बसलं. कंडक्टरची सुट्ट्या पैशांवरून कुणाशी तरी जुंपली. एक शेळी चाकापुढे बसली, उठेना. बस वेळेवर सुटत नाही म्हणून मी जन्मभर लेख पाडले होते; आता ती सुटू नये म्हणून घसा कोरडा करत होतो. अन्नपूर्णा मन लावून ऐकायची. हसायची मात्र नाही. मधूनच विचारायची, "आला काय हो ड्रायव्हर?"

एका दुपारी शेळीचं सांगता सांगता मला ठसका लागला. बोलणं तुटलं. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

टण टण.

कंडक्टरची एक घंटी थांबायची, दोन निघायची.

ही मी ऐकली. माझ्या कानांनी. प्लग खाली लोंबत होता.

पेला हातातून सुटला. सुटती बस थांबवायला आमच्याकडे जो तो जे ओरडतो, तेच माझ्या तोंडून गेलं.

"थांबवा बे, बाई येऊन राह्यली!"

घंटी एकदाच वाजली.

अन्नपूर्णा उठली. पदर खोचला, चपला घातल्या. नजर गेल्यापासून ती भिंत चाचपत दाराशी जायची. या वेळी तिने हात उचललाच नाही.

फरशीवर सांडलेल्या पाण्याला वळसा घालून ती सरळ गेली.