विझवलेला तांबडा दिवा

“चंदरला पोलिस मारत्यात,” भागीबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. “ताई, तुमी मोडक्या गाड्यांचं वळखता म्हनं. माझ्या पोरानं काय नाय केलं.”

२००८ सालच्या डिसेंबरातली सकाळ होती. ज्योत्स्ना गायधनी गंगापूर रोडवरच्या आपल्या दोन खोल्यांच्या कार्यालयात नुकतीच येऊन बसली होती. चौदा वर्षं विम्यासाठी अपघाती गाड्या तपासल्यावर तिने खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं. तिचा सहकारी गोरक्ष निकम, निवृत्त हवालदार, याने खुर्ची पुढे सरकवली. भागीबाई बसली नाही.

हकिगत थोडक्यात अशी. तिचा मुलगा चंदर हा द्राक्षबागायतदार रविराज बोरस्ते यांचा ड्रायव्हर. शुक्रवारी रविराज स्वतःच गाडी घेऊन निघाले आणि पेठच्या घाटात समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळले. एअरबॅग उघडलीच नाही. तोंड स्टिअरिंगवर आपटलं. आता जबडा तारांनी बांधलेला, बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी गाडीत सीटखालचं, एअरबॅगचं समजलं जाणारं एक पिवळं सॉकेट ओढून काढलेलं सापडलं. गुरुवारी रविराजनी चंदरला चारचौघांत झापलं होतं, आणि शुक्रवारी सकाळी गाडी धुतली होती ती चंदरनेच.

“उद्या परत कोर्टात उभा करनार हायेत,” भागीबाई म्हणाली. “जीव घ्यायला बघितला म्हंत्यात.”

पोलीस ठाण्यात फौजदार पगारांनी चंदरला भेटायला दहा मिनिटं दिली. चंदरचा ओठ सुजला होता.

“गाडीत काही बिघाड होता?” ज्योत्स्नाने विचारलं.

“हॉर्नचा. वळनावर स्टेरिंग फिरवलं का कदी वाजायचा, कदी नाय.”

“एअरबॅगचा दिवा?”

“महिन्यामागं तो पेटला तो पेटूनच राह्यला. सायेब गाडी कुठंतरी दाखवून आले. मंग जायला लागला.”

“कधी जायचा? नीट आठव.”

चंदरने डोळे मिटले. “मी नुसती चावी फिरवून गानी ऐकत बसतो. गाडी घेतली तवा तो आपसूक जायचा. आता तो अन् आईलचा दिवा, दोनी संगंच जात्यात. इंजान चालू केल्यावर.”

ज्योत्स्नाने ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. गोरक्षला त्यात लिहिण्यासारखं काही दिसलं नाही.

रविराजना ही दहा वर्षं जुनी गाडी एप्रिलमध्ये विकणारे धोंडीरामशेठ भेटताच चिडले. “माझ्या अंगावर बालंट नको! चावी फिरवा, सात आकडे मोजा, इंजिन बंद असतानाच दिवा जाणार. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे दाखवतो. यांनाही दाखवलं.”

“त्यानंतर गाडी पाहिलीत?”

“परवा. हिरामणच्या गॅरेजात ओढून नेली असं कळलं, म्हणून गेलो. पण बाहेरूनच पाहिली.”

हिरामण मिस्त्रीचं गॅरेज पेठ रोडला होतं. बावीस वर्षांचं नाव. चेपलेली गाडी मागच्या शेडमध्ये उभी होती. ते सॉकेट त्यानेच शोधून पोलिसांना दाखवलं होतं. त्याने अदबीने हातदिवा धरला. दिव्याच्या वायरीवर तीन ठिकाणी हिरवी चिकटपट्टी होती.

सीटचा पट्टा मधोमध कापलेला होता. त्याचं कुलूप, म्हणजे पट्टा अडकवायचं बक्कल, चार बोटं खाली खेचलं जाऊन तिथेच रुतलं होतं.

“हा कोणी कापला?”

“ट्रकवाल्यांनी. साहेबांना असा आवळून बसला होता म्हणे, की सैल होईना.”

ज्योत्स्नाने आडवं होऊन डॅशबोर्डखाली मान घातली. दिव्यांच्या वायरींमध्ये हिरव्या पट्टीचा एक जोड होता. तिने फोटो काढला.

“महिन्यापूर्वी ही गाडी तुमच्याकडे आली होती?”

“हो. आईल बदललं, ब्रेक पाहिले. बस. आणि धोंडीरामशेठ परवा आत बसून गेलेत, तेही लिहून घ्या.”

“सॉकेट निघालेलं असेल, तर दिवा पेटून राहायला हवा होता ना?”

“दिवा काय ताई, इंजिन सुरू झाल्यावरच विझतो. सगळ्या गाड्यांत तसंच.”

बाहेर येताच गोरक्ष म्हणाला, “शेठ खोटारडा आहे.”

“दोघांतला एक आहे,” ज्योत्स्ना म्हणाली. “पाच वाजता सगळ्यांना इथेच बोलवा.”

पाच वाजता फौजदार पगार चंदरला बेडी घालून घेऊन आले. भागीबाई पत्र्याला टेकून उभी राहिली. रविराजची पत्नी मोहिनी तिच्याकडे बघत नव्हती.

“आधी पट्टा,” ज्योत्स्नाने सुरुवात केली. “साधा पट्टा धक्क्याने अडकतो. हा आवळला गेला. या गाडीत धडक बसली की कुलूप खाली खेचणारं यंत्र आहे. त्याला वीज जाते ती या पिवळ्या सॉकेटमधून. कुलूप खेचलं गेलंय, म्हणजे धडकेच्या क्षणी सॉकेट जोडलेलं होतं. ते अपघातानंतर काढलं. तेव्हा चंदर मालकांजवळ दवाखान्यात होता आणि तिथूनच तुमच्या ताब्यात आला.”

पगारांनी वाकून कुलूप पाहिलं.

“मग बॅग का उघडली नाही? वळणावर हॉर्न दगा देत होता. हॉर्नची आणि स्टिअरिंगमधल्या बॅगची वायर स्टिअरिंगबरोबर फिरणाऱ्या एकाच गुंडाळलेल्या पट्टीतून जाते. जुन्या गाडीत ती झिजून तुटते. गाडी महिन्यापूर्वी तेच सांगत होती, दिवा पेटवून. कोणीतरी ती पट्टी शोधण्याऐवजी दिव्याची वायर आईलच्या दिव्याला जोडली. इंजिन सुरू झालं की दोन्ही विझणार, आणि मालक समजणार की बिघाड गेला.”

“शेठनेच!” गोरक्ष म्हणाला.

“शेठना माहीत आहे की चांगल्या गाडीत हा दिवा इंजिनाशिवाय आपोआप जातो. सगळ्याच गाड्यांत तो इंजिन सुरू झाल्यावरच विझतो असं मला एकानेच सांगितलं. तसा तो फक्त याच गाडीत विझायचा. आणि डॅशबोर्डखालचा जोड हिरव्या पट्टीचा आहे.”

सगळ्यांच्या नजरा हिरामणच्या हातातल्या दिव्याकडे गेल्या. त्याने तो हळूच खाली ठेवला.

“तीन दिवस शोधला बिघाड,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “बावीस वर्षांत एकही गाडी दुरुस्त केल्याशिवाय परत पाठवली नव्हती. साहेबांना काय तोंड दाखवू? पुढच्या महिन्यात सवडीने बघू म्हटलं. मग गाडी अशी आली. घाबरलो. पिवळी वायर एअरबॅगची, एवढंच ठाऊक. ओढली. वाटलं, ती आपोआप निघाली म्हणून बॅग उघडली नाही म्हणतील. चंदरला धरतील असं मनात नव्हतं.”

“पण धरलं. आणि चार दिवस तुम्ही गप्प राहिलात,” ज्योत्स्ना म्हणाली. “वर शेठचं नाव पुढे केलंत.”

पगारांनी चंदरची बेडी काढली. मनगटं चोळत तो आईजवळ गेला. तिने त्याचा ओठ पाहिला, पदराने पुसला.

मोहिनी पुढे आली. “मावशी, मीच पोलिसांना चंदरचं नाव...”



“सायबांना घास गिळता येतो का?” भागीबाईने विचारलं.

मोहिनीने नकारार्थी मान हलवली आणि तोंडाला पदर लावला.

“नागलीची पेज जाईल,” भागीबाई म्हणाली. “पातळ करून द्या. चंदर घेऊन येईल उद्या.”

चंदरने नाही म्हटलं नाही.