दोन धाग्यांची गाठ

जालन्याजवळच्या मेंदू-संशोधनालयात एलिया हिवाळे परवापासून मरणशय्येवर तळमळत होते. वेदना नव्हत्या, ताप नव्हता. शुद्ध हरपलेली, तरी हात सारखे चादर ओरबाडत होते आणि पडद्यावरची तगमगीची रेघ काही केल्या खाली येत नव्हती. ग्रंथिशामक यंत्र ज्यांनी बनवलं, त्या डॉ. रेवती त्यांच्या पत्नी. आयुष्यभर लोकांच्या माणसांची तगमग शमवली आणि घरच्या माणसापुढे हात टेकायची वेळ आली, याचा त्यांना संताप येत होता.

यंत्रामागची कल्पना साधी होती. मरणाच्या दारातली तगमग म्हणजे मेंदूतल्या दोन जाळ्यांची ओढाताण. एक धागा सैल केला की गाठ सुटते. सैल केलेला धागा मात्र पुन्हा ताणता येत नाही.

"गाठ सापडली, मॅडम," त्यांची विद्यार्थिनी डॉ. तस्लीम मुकादम म्हणाली आणि घुटमळली. "एक धागा सरांच्या श्रद्धेचा. ख्रिस्तावाचून तारण नाही, हा. आणि दुसरा तुम्ही."

रेवती महानुभाव पंथाच्या. परमेश्वरावाचून मोक्ष नाही, यावर त्याही तितक्याच ठाम. एकमेकांना आपल्या वाटेवर ओढायचं नाही, असं दोघांनी लग्नाआधीच ठरवलं होतं, आणि लोक या संसाराचे गोडवे गात. कौतुक करायला लोकांचं काय जातं? बायको आपल्याला स्वर्गात भेटणार नाही म्हणून हा माणूस आतल्या आत झुरत होता, हे रेवतींना आज यंत्राकडून कळत होतं.

श्रद्धेचा धागा सैल करावा, असं तस्लीमचं मत पडलं. म्हणजे सर मॅडमना ओळखतील, त्यांचा हात धरूनच जातील. नाहीतरी त्यांच्या स्वर्गावर तुमचा विश्वास नाहीच, असंही ती चाचरत म्हणाली.

रेवतींना तेच हवं होतं. इतकं हवं होतं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्या खिडकीपासून पलंगापर्यंत येरझारा घालत राहिल्या.

"माझा नाही, पण त्यांचा आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "तो काढून घेणारी मी कोण? दुसरा सैल कर."

"मग तुम्ही त्यांच्या कुणीच उरणार नाही, मॅडम."

"आमच्या पंथात तरी काय वेगळं सांगतात? नात्यागोत्याची ओढ सोडा, हेच ना." त्यांनी हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

यंत्र चाललं. रेघ खाली आली, चादरीवरचे हात थांबले. थोड्या वेळानं एलियांनी डोळे उघडले आणि उशाशी बसलेल्या बाईंकडे परक्या माणसाकडे बघावं तसं अदबीनं पाहिलं.

"बाई, फार रडलेल्या दिसता," ते म्हणाले. "तुमची हरकत नसेल, तर तुमच्या तारणासाठी प्रार्थना करू का?"

उभ्या संसारात त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. वचन बायकोला दिलेलं होतं, आणि बायको कोण हे आता त्यांना ठाऊक नव्हतं. तस्लीमनं घाबरून पडद्याकडे पाहिलं. रेघ शांत होती. यंत्राचं काहीही चुकलं नव्हतं.

रेवतींचा विश्वास तसूभरही हलला नव्हता. नकार अगदी ओठांवर आला होता.

"करा," त्या म्हणाल्या, आणि प्रार्थनेत घेता यावं म्हणून त्यांनी नवऱ्याला आपलं नाव सांगितलं.