ग्लासवरची चकती

कोलोन शहरात ख्रिसमसचा बाजार भरला की जुन्या पेठेतल्या बिअरगृहांत पाय ठेवायला जागा उरत नाही. दिवसभर दुकानं पालथी घालून दमलेले पाहुणे कुडकुडत आत शिरतात आणि निळ्या एप्रनवाल्या वेटरांच्या तावडीत सापडतात. ड्रिकेस त्यांच्यातला सर्वांत जुना. जिभेला धार, पण माणूस मायेचा. वसंतात तो निवृत्त होणार होता. शहराबाहेर त्याने नि ट्राउडलने बागेचा एक तुकडा घेतला होता, आणि तिथल्या आलुबुखाराच्या रोपांचं कौतुक ऐकून ऐकून गिऱ्हाइकांचे कान किटले होते.

त्या शुक्रवारी दुपारी म्युनिकच्या एक बाई पिशव्या सांभाळत उभ्यानेच पीत होत्या.

"तुमचे ग्लास औषधाच्या मापाएवढे कसे हो?"

"तुमच्याकडे लिटरभराचे मग, बिअर कोमट होईपर्यंत पितात. आमच्याकडे आधीच संपते," म्हणत ड्रिकेसने दुसरा ग्लास पुढे केला.

"मी मागितला नव्हता."

"इथे मागत नाहीत. पुरे झालं की ही पुठ्ठ्याची चकती ग्लासवर ठेवायची. तोवर मी आणत राहणार. आणि आपली चकती आपणच ठेवायची. दुसऱ्याचं पुरे आपण म्हणायचं नाही."

बाईंनी शेगडीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. "ती रिकामी आहे ना?"

ड्रिकेस घुटमळला. ती नोलची खुर्ची. गेल्या हिवाळ्यात नोल 'तंबाखू घेऊन आलोच' म्हणून उठला आणि बाहेर गल्लीत कोसळला तो गेलाच. अर्धा ग्लास तसाच राहिला, चकतीवाचून. बोलता बोलता चकतीची कड अंगठ्याने दुमडायची त्याची खोड होती. त्या दिवशीची चकतीही तशीच दुमडलेली ग्लासशेजारी पडली होती. तेव्हापासून दर शुक्रवारी ड्रिकेस त्याच्या जागी भरला ग्लास ठेवी आणि संध्याकाळपर्यंत तो रिकामा होई. त्या टेबलावरचे नोलचे मित्र पीत असतील, असं ड्रिकेस धरून चालला होता.

आज मित्र अजून आले नव्हते. टेबलाशी नोलची बायको बिला तेवढी विणत बसली होती. नोलसाठी भरून ठेवलेला ग्लास मात्र रिकामा होता.

"बिला, तू प्यालीस?"

"मी कधी बिअरला शिवते का? तूच ओतून टाकतोस ना दर वेळी?"

"मी नाही. बाकीचे पितात ना…"

"ते म्हणतात, ड्रिकेस नेतो."

ड्रिकेसच्या नाकात तंबाखूचा वास शिरला. इथे सिगारेट ओढणं कधीच बंद झालं होतं. गल्ल्यावरून मालक डोळे वटारत होता. एवढ्या गर्दीत एक खुर्ची अडवून ठेवणं त्याला परवडत नव्हतं. ड्रिकेसला भीती वाटली, आणि भीतीपोटीच त्याने घाई केली. चकती उचलून नोलच्या ग्लासवर ठेवली.

"झालं, नोल. आता पुरे."

बिलाने त्याचं मनगट धरलं. "तू का म्हणालास…? त्याचं त्याने म्हणायचं होतं."

म्युनिकच्या बाई खुर्चीत टेकल्या आणि लगेच उठल्या. "आत्ताच कोणी उठून गेलं का? खुर्ची गरम आहे."

डोकं दुखतंय म्हणून ड्रिकेस दिवस मावळायच्या आत घरी आला. ट्राउडलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वसंतात पेरायच्या बियांच्या पुड्या मांडल्या होत्या. तिने त्याच्यापुढे काठोकाठ भरलेला कॉफीचा कप ठेवला.

"आज लवकर? टोमॅटोला कुठली जागा देऊ या, सांग."

"हात धुऊन येतो," तो म्हणाला.

तो परत आला तेव्हा ट्राउडल त्याच्याकडे पाठ करून शेगडीशी उभी होती. त्याच्या कपावर पुठ्ठ्याची एक चकती होती. ओलसर. तिची कड दुमडलेली होती.

त्याने ती हळूच उचलून पाहिली. कप रिकामा होता. त्याने तर एक घोटही घेतला नव्हता. चकती बोटांतून निसटून पुन्हा कपावर पडली.

ट्राउडल किटली घेऊन टेबलाशी आली. तिने चकती पाहिली. साऱ्या कोलोनसारखीच तीही याच रिवाजात वाढलेली. कॉफी न ओतताच ती मागे वळली.

"पुरे म्हणतोस? बरं," ती म्हणाली, आणि टेबलावरच्या बियांच्या पुड्या आवरायला लागली.