तहानलेली घोडी

भाज्याच्या महिपतीसारखा मोतद्दार साऱ्या मावळात नव्हता. घोडं पाण्यावर नेलं की हा दबकी शीळ घालायचा. ती थांबेपर्यंत घोडं मान वर काढत नसे. पहिलं महायुद्ध पेटायच्या आदल्या वर्षी लोणावळ्याच्या बंगल्यातले शेठ मंगोल मुलखात तट्टं खरेदी करायला निघाले, ते याला सोबत घेऊनच.

चैत्रात शेठ एकटेच परतले. तिकडे डोंगरात एक निळंशार तळं आहे. चंगीजला म्हणे तिथंच खान केला. "महिपती घोड्यांना पाणी पाजायला गेला आणि बर्फ फुटला," एवढंच सांगून त्यांनी त्याच्या बायकोच्या, धोंडाबाईच्या हातावर त्या काठचा दगड ठेवला. प्रेतच नाही म्हटल्यावर सासऱ्यांनी, रखमाजीआबांनी, त्या दगडालाच जीवखडा मानून क्रिया केली.

दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड मांडले. कावळे झाडावर बसून राहिले, एक खाली येईल तर शपथ! आबा विनवून थकले, "लेकरा, तुझ्या बायकूला आमी अंतर देणार न्हाई…" छे! नवऱ्याचा जीव कशात अडकलाय, ते धोंडाबाईला उमगेना. मग एकदम सुचलं तिला. हात जोडून ती ओरडली, "तुमची घोडी मी सांभाळीन! पाणी पाजीन त्यास्नी!"

शब्द संपतो न संपतो तोच कावळा शिवला. सुटला गं बाई माझा धनी! आबांनी जीवखडा नदीत सोडला, तेव्हा ती रडत-हसत पाहत राहिली.

दहाव्याला आलेल्या शेठनी परतताना हळूच विचारलं, "कुठली घोडी, धोंडाबाई?"

"पाणी पाजाया नेलेली…"

"आम्ही अजून एकही घोडं घेतलं नव्हतं. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. 'शेठ, किती तहानलीत बिचारी,' म्हणाला, आणि बर्फावर चालत गेला…"

धोंडाबाई घरी आली तर दारातली दगडी डोण कोरडी. सकाळीच तर भरलेली. तिनं पुन्हा भरली. पाणी बघता बघता खाली गेलं. सारवलेल्या अंगणात ओले खूर उमटत होते, डोणीपासून पार रस्त्यापर्यंत. पळून जावंसं वाटलं, पण शब्द दिलेला! ती विहिरीवरून पाणी ओढत राहिली.

दिवस मावळताना आबांनी तिचा हात धरला. "पुरं कर, पोरी. हिरीचा तळ लागला."

"अजून लय हायती, मामंजी… आन् हे थांबंनात."

"कोण थांबंना?"

तेवढ्यात आबांनाही ऐकू आली. दबकी शीळ… नदीच्या अंगानं.

धोंडाबाईनं घागर खाली ठेवली. आबांच्या मुठीतून तिचा गारठलेला हात निसटला, आणि 'किती तहानलीत बिचारी,' म्हणत ती मोकळ्या हातांनीच नदीकडं चालू लागली.