पहिल्या नंबराच्या वर

वस्तुसंग्रहालयात तिला सगळे चिकटताई म्हणायचे. एक तर तिचा दिवस डिंक आणि चिमट्याच्या संगतीत जायचा, आणि दुसरं म्हणजे एखादं काम हातात घेतलं की ते पुरं झाल्याशिवाय बाई जेवायलाही उठायची नाही. फुटकी मडकी, हाडं, शिंपले, काय काय तिच्या टेबलावर तुकड्यांनी यायचं आणि अखंड होऊन जायचं. त्या सोमवारी आलेलं खोकं मात्र तिनं स्वतः मागवलं होतं. आत लाकडाचा भुसा होता आणि भुशात वीजकाच.

वीज वाळूत शिरली की तिच्या वाटेतली वाळू वितळते आणि थिजून तिची काच होते. नळीसारखी पोकळ, वाकडीतिकडी, आतून गुळगुळीत आणि बाहेरून वाळूचे कण चिकटून खरखरीत. आणि ठिसूळ तर इतकी, की शेजारी कुणी शिंकलं तरी जीव टांगणीला लागावा. वाळूच्या टेकड्यांमधून ती उकरून आणणारा एक म्हातारा होता. तोंडाचा फटकळ, पण हाताचा हलका.

"बेचाळीस तुकडे आहेत," खोकं ठेवत तो म्हणाला. मग दाराशी घुटमळला. "ताई, ही जागा... तुमचा भाऊ गेला तीच ना?"

"हो."

"मग कशाला उकरायला लावलीत?"

तिनं भुशातून पहिला तुकडा उचलला. म्हातारा निघून गेला.

उत्तर होतं, पण तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. वाळूत लोखंडी सळई रोवून ठेवली की वीज बहुतेक तिथंच पडते, आणि काच कुठे उकरायची ते आधीच ठाऊक असतं. या कामातले लोक असं करतात. गेल्या वर्षी आभाळ भरून येत होतं तेव्हा तिनं धाकट्या भावाला फोन केला. तो टेकड्यांच्या पायथ्याशीच राहायचा. "सळई रोवून ये रे पटकन, ढग अजून लांब आहेत." तो कुरकुरला, म्हणाला, "आत्ताच चहाचं आधण ठेवलंय गं." पण ताईचं काम म्हटल्यावर गेला. ढग लांब नव्हते. वीज पडली तेव्हा सळई त्याच्या हातातच होती.

सळईचं पाणी झालं, त्यामुळे तो तिथं कशाला गेला ते कुणाला कळलं नाही, आणि फोनचं कुणी विचारलं नाही. भावजय त्या दिवशी कामावर होती. ती परतली तेव्हा पातेलं जळून काळं झालेलं होतं. तेव्हापासून तिचा एकच प्रश्न. "वन्सं, आधण ठेवून कुणी फिरायला जातं का हो? हे तिकडे गेलेच कशाला?" आणि ही दर वेळी म्हणायची, "काय माहीत गं." भावजय तिच्या गळ्यात पडून रडायची आणि ही तिच्या पाठीवरून हात फिरवायची. वर्षभर हिला अन्न गोड लागलं नव्हतं. त्याची शेवटची खूण आपल्या हातानं जोडून ठेवली की काळजावरचा दगड हलेल, असं तिनं मनाशी धरलं. माणूस स्वतःची समजूत काढायला लागला की त्याला काहीही पटतं!

जोडकामाची रीत सोपी असते. नळीचं जमिनीलगतचं तोंड, वीज जिथून आत शिरली तो तुकडा, त्याचा पहिला नंबर. तिथून खाली दोन, तीन, चार. आकडा आतल्या बाजूला, बारीक शाईनं. पहिल्याच्या वर काही नसतं, कारण वर वाळूच नसते. संध्याकाळपर्यंत तिनं बेचाळीस तुकड्यांवर आकडे घातले, भुसा चाळून परत खोक्यात भरला आणि खोलीला कुलूप लावून घरी गेली.

मंगळवारी सकाळी भुशात आणखी एक तुकडा होता.

नजरेतून सुटला म्हणून तिनं स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या आणि तो उचलून उजेडात धरला. आत आकडा घातलेला होता. शून्य. अक्षर तिचंच.

बाहेर शाळेची मुलं हाडांच्या दालनात धुडगूस घालत होती, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, आणि ती तुकडा उन्हात फिरवून फिरवून पाहत होती. तुकड्याला वाळूचा एक कणही चिकटलेला नव्हता. त्याच्या अंगावर बारीक विणीचे ठसे होते, मोज्याच्या विणीसारखे. तिनं तो पहिल्या नंबराच्या तोंडावर टेकवला. डिंकाची गरजच पडली नाही. टक्क असा आवाज झाला आणि तो घट्ट बसला. ती टाच होती.

कुणाला सांगायचं? आणि काय सांगायचं? बुधवारी उणे एक आणि उणे दोन आले. घोटा आणि नडगी. गुरुवारी गुडघा, मांडी. रोज सकाळी आज नको म्हणत ती भुशात हात घालायची, आणि हात काही मागे यायचा नाही. चिकटताई ना ती! खोलीत करपलेल्या केसांचा वास भरून राहिला होता. तापलेलं भांडं निवताना वाजतं तशी काच मधूनच टिक... टिक... वाजायची. शुक्रवारी कंबर आणि छातीचा पिंजरा बसला आणि त्यावर गळा. आत माणूस नव्हता. आत नुसती गुळगुळीत पोकळी.

गळा तपासायला ती वाकली. कपाळावरची बट अलगद आत ओढली गेली. मग बाहेर आली. पुन्हा आत...

"दादा..." ती पुटपुटली. लहानपणी लाडानं ती धाकट्यालाच दादा म्हणायची.

आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की उद्या तोंड येणार.

भाऊ समोर येईल याचं तिला भय वाटलं नाही. तो बोलेल याचं वाटलं. हे वाचून तिच्याविषयी काय वाटायचं ते वाटो, पण खरं तेच सांगितलं पाहिजे. तिनं भुसा आवारातल्या भट्टीत ओतला, खोकं फोडून त्यावर टाकलं आणि राख होईपर्यंत उभी राहिली. शनिवारी टेबलावर नवं काही नव्हतं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

रविवारी दुपारी भावजय तिच्या घरी आली. आत येऊन बसली, पण पाणी घेतलं नाही. पिशवीतून तिनं स्टीलचा डबा काढला.

"वन्सं, हे पिठात सापडलं. चाळताना चाळणीत राहिलं. आकडा तुमच्या अक्षरात आहे, म्हणून आणलं."

डब्यात हनुवटी होती, वर दोन ओठ. दाढीचे खुंटसुद्धा काचेत उतरले होते. आतून वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती.

"मी कानाशी लावलं," भावजय अगदी हळू म्हणाली. "तुम्ही फोन केला होतात..."

खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं, पण खोटं आलं नाही. "हो," ती म्हणाली. "मीच पाठवलं त्याला. सळई रोवायला." वर्षभर घशाशी अडकलेलं बाहेर पडलं, आणि काळजावरचा दगड होता तिथंच राहिला.

भावजयीच्या डोळ्यांत टिपूसही नव्हता. "वर्षभर मी तुमच्या गळ्यात पडून रडले, वन्सं."

मग तिनं पिशवीतून घडी घातलेला रुमाल काढून मेजावर ठेवला आणि उलगडला. "हा तुकडासुद्धा पिठातच होता. पण हा त्यांचा वाटत नाही. कुठे बसतो ते तुम्हीच बघा."

आणखी एक टाच. बाईमाणसाची, अनवाणी. तिच्यावर एक आडवी भेग होती, खोल, कडेला दुभंगलेली. ती भेग हिच्या चांगलीच ओळखीची होती. रोज झोपताना स्वतःच्या टाचेवरच्या याच भेगेला ती मलम लावायची. आत शाईनं शून्य काढलेलं, आणि शून्याच्या पोटात ठिपका. शाळेत असल्यापासून तिचा भाऊ शून्य असंच काढायचा. त्यावरून त्यानं मारही खाल्ला होता.

"जपून," भावजय म्हणाली. "सकाळपासून निवतच नाहीये तो."

तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. बाहेर लख्ख ऊन होतं, आभाळात ढगाचा मागमूस नव्हता. मेजावर तुकड्याखालचा रुमाल हळूहळू तपकिरी होत चालला होता.