परीक्षणाखालची बारीक ओळ

"सगळे चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आधी डोकी मोज, मग मला सांग."

बाबा शाळेची बस चालवायचे आणि तिला शेजारी बसवून रोज हेच सांगायचे. ती बोटांवर मुलं मोजायची, एखादं कमी भरलं तर पुन्हा मोजायची. पुढे बाबा निवृत्त झाले, ती एका साप्ताहिकात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहू लागली, पण ती सवय काही सुटली नाही. पडद्यावरच्या तिच्या सैन्यातला एक शिपाई जरी पडला, तरी ती बटण दाबून अख्खी लढाई पहिल्यापासून खेळायची. दुपार वाया गेली तरी चालेल... कोणी मागे राहता कामा नये. ऑफिसात तिला म्हणूनच सगळे गोगलगाय म्हणत. प्रेमानेच म्हणत, पण म्हणत.

त्या दिवशी गोगलगाय गेमच्या एका जुन्या दुकानात गेली होती. कंट्रोलरचं एक बटण रुतून बसलं होतं. बाहेर पाऊस नुसता भुरभुरत होता, पडावं की थांबावं असा. दुकानदार कंट्रोलर उघडून बसला आणि ती रॅकांमधून फिरत राहिली.

तेव्हा तो तिला दिसला.

उंच, जरासा वाकलेला, खांदे भिजलेले. स्वस्तातल्या मालाच्या टोपलीतून तो गेमची एक डबी उचलायचा, इकडेतिकडे बघायचा आणि अगदी सहज चालत जाऊन ती दर्शनी रॅकवर ठेवायचा. नव्याकोऱ्या गेमच्या मधोमध. मग परत टोपलीकडे.

"तिची जागा ती नाही," ती मागून हळूच म्हणाली.

तो दचकला. "कोणाची?"

"तुमच्या हातातल्या डबीची. आणि मघाच्या दोघींचीही."

"मी... जरा नीट लावून ठेवत होतो."

"इथे कामाला आहात?"

"नाही."

"मग?"

त्याने क्षणभर विचार केला. "समाजसेवा."

तिला हसू आवरेना. तिने त्याच्या हातातली डबी वाचली — 'नदीपारचे पहारेकरी'. छोट्याशा जपानी कंपनीचा गेम. बुद्धिबळासारखं चौकोनाचौकोनाने सैन्य हलवायचं, नदीकाठच्या गावकऱ्यांना डोंगरापलीकडे पोचवायचं. कधी आला आणि कधी टोपलीत गेला, कोणाला कळलंही नव्हतं.

"हा खेळलेय मी," ती म्हणाली. "परीक्षणही लिहिलं होतं."

त्याचा चेहरा बदलला. "'चाली सुरेख, कथा मात्र फार धुतलेल्या कपड्यासारखी, स्वच्छ आणि रंग उडालेली.' — ते तुम्ही?"

"तुम्हाला पाठ आहे?"

"पाठ होणारच. रंग मी भरले होते. अनुवादक आहे मी या गेमचा. जपानीतून आपल्या भाषेत."

तिला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण लिहिलेलं मागे घ्यावं असं मात्र वाटलं नाही. जे दिसलं तेच तिने लिहिलं होतं. तो तिच्याकडे बघतच राहिला. रागाने नाही — एखादं कोडं सुटत असल्यासारखा.

"एक विचारू? तुमचं कोणी मेलं नाही ना?"

आतून दुकानदाराने मान वर केली.

"घरी सगळे बरे आहेत," ती गोंधळून म्हणाली.

"घरी नाही हो. गेममध्ये."

"नाही. एकही नाही," ती जरा अभिमानानेच म्हणाली. "मी कोणाला मरू देत नाही."

"तरीच," तो म्हणाला आणि त्याने कपाळावर हात मारला. "तरीच... चहा घेणार?"

समोरच्या कॅफेत त्याने साखरेच्या चौकोनी वड्या टेबलावर मांडल्या. हा भालेकरी, ही घंटा वाजवणारी, हा स्वयंपाकी. रोजची लढाई संपली की संध्याकाळी छावणी पडते. सगळे जिवंत असले तर जेवतात आणि झोपतात. पण एखादा गेला — त्याने बोटाने एक वडी बाजूला सरकवली — तर उरलेले बोलायला लागतात.

"मी लिहिलेलं निम्म्याहून जास्त तिथे आहे. ज्यांचं कोणी गेलं नाही, ते या गेममध्ये गप्पच राहतात. तुम्ही सगळ्यांना इतकं जपलंत की कथा उलगडलीच नाही."

ती त्या एकट्या वडीकडे बघत राहिली. खिडकीच्या काचेवर थेंब एकमेकांना गाठत खाली उतरत होते.

"आणि तुमच्या परीक्षणाखाली ती बारीक ओळ," तो म्हणाला. "'परीक्षकाचा या गेमच्या कर्त्यांशी कोणताही संबंध नाही.' ती वाचून उगीचच वाईट वाटलं."

"तो आमच्याकडचा नियम आहे. प्रत्येक परीक्षणाखाली ती ओळ असते. संबंध असेल तर काय आहे ते लिहायचं, नाहीतर परीक्षणच द्यायचं नाही."

"माहितेय. तरी वाटलं."

मग त्याने न विचारताच सांगून टाकलं. या गेमचा दुसरा भाग जपानमध्ये तयार आहे. आपल्या भाषेत आणायचा की नाही, ते कंपनी महिनाअखेरीस ठरवणार.

"आणि नाही म्हणाले तर?"

"भावाचं फरशांचं दुकान आहे, काम नसलं की मी तिथेच असतो. तो मला कायमचं घ्यायला टपूनच बसलाय. म्हणतो, फरश्याही चौकोनीच असतात, तुला जमेल."

ती हसली, पण तो फारसा हसला नाही हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"मी पुन्हा खेळते," ती म्हणाली. "या वेळी बटण दाबणार नाही. पडेल तो पडेल. पण लिहीन ते मला वाटेल तेच. चांगलं वाटलं तर चांगलं... नाही तर नाही."

"तेच हवंय. फक्त — छापून यायच्या आधी मला सांगाल? तोंडाने. मागचं परीक्षण मी फरशांच्या थप्पीवर बसून वाचलं. दुकानात गिऱ्हाइकं होती."

"सांगेन," ती म्हणाली. एवढंच. पण हा शब्द ती कोणालाही सहज देत नसे.

घरी तिने गेम सुरू केला आणि भालेकरी सगळ्यात आधी गेला. म्हातारा, बडबड्या, पुलावर एकटाच उभा राहिला होता. तिचं बोट आपोआप बटणाकडे गेलं. तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि हात मांडीवर ठेवला. छावणी पडली. स्वयंपाक्याने पातेलं रोजच्याएवढंच भरलं. घंटावाली शेकोटीशी येऊन बसली आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "तो घोरायचा म्हणून मी लांब झोपायचे. आज कुठे झोपू?"

वहिनी भाजी निवडत दाराशी आली, तेव्हा हिचे डोळे वाहत होते.

"अगं बाई, काय झालं?"

"आमचे भालेकरी गेले."

वहिनीने पडद्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. "ते चौकोनातले? मग नणंदबाई, जेवायला येणार की त्यांच्यासोबत छावणीतच वाढू?"

दुसऱ्या दिवशी कॅफेत तिने त्याला विचारलं, "'आज कुठे झोपू'... मूळ जपानीत असंच आहे?"

"नाही. तिथे ती फक्त म्हणते, शांत आहे. संपलं. आपल्याकडे असं म्हणून कोणी गप्प बसेल का? मला ते जमेचना. शेवटी तिच्या जागी जाऊन बसलो आणि मग हे सुचलं. लेखकांना विचारून घातलं."

"म्हणजे ते तुमचंच आहे."

"घोरणं तेवढं माझं."

"वहिनीला सांगायला हवं," ती म्हणाली, आणि आपण त्याच्याबद्दल घरी सांगायला निघालोय हे लक्षात येऊन तिचे कान तापले. तो चहा ढवळत राहिला. साखर न घातलेला चहा.

मग ते भेटतच राहिले. परीक्षणाचं काय झालं हे तो एकदाही विचारत नसे. ती दिसली की फक्त म्हणायचा, "आज कोण?" आणि ती सांगायची. नावाडी. जुळ्यांपैकी धाकटा. कधी सांगता सांगता तिचा आवाज अडखळायचा, मग तो खिडकीबाहेर बघायचा, तिला सावरायला वेळ द्यायचा. परत जाताना छत्री एकच असायची, आणि तिच्या लक्षात आलं होतं की ओला व्हायचा तो नेहमी त्याचा खांदा.

"तुमचा सगळ्यात आवडता कोण?" एकदा त्याने विचारलं.

"सांगणार नाही. आवडता सांगितला की तो जातो."

"मी गेममधलाच विचारतोय."

"मीही गेममधलाच सांगत नाहीये. बाहेरचा तर मुळीच नाही."

 त्याच्या हातातली छत्री आणखी थोडी तिच्या बाजूला कलली.

गेम संपला. डोंगरापलीकडे पोचले ते निघालेल्यांच्या मानाने फार थोडे, पण त्या थोड्यांकडे सांगण्यासारखं केवढं होतं. परीक्षण तिने एका बैठकीत लिहिलं. मागचं मत कुठे चुकलं तेही लिहिलं — मी सगळ्यांना वाचवत बसले, म्हणून कोणालाच ओळखलं नाही. मजकूर संपला. आता खाली ती नेहमीची बारीक ओळ.

परीक्षकाचा या गेमच्या कर्त्यांशी...

हात पुढे जाईना.

ती कागद घेऊन संपादकबाईंच्या टेबलापाशी गेली. बाई पानं तपासत होत्या.

"झालं?"

"झालं. शेवटची ओळ राहिलीय."

"ती काय, ती ठरलेलीच असते."

"ती खोटी होईल, बाई."

बाईंनी चष्मा काढला. "पैसे घेतलेस?"

"नाही हो."

"भेटवस्तू?"

"चहा. तोही आळीपाळीने."

"मग?"

"मला अनुवादक आवडतो."

प्रिंटरने एक कागद बाहेर टाकला. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही."

"म्हणजे मला आधी कळलं."

"नियम तुमचा आहे. आधी तुम्हालाच सांगायला हवं ना."

बाई हसल्या नाहीत. ओठ मात्र हलले. "मग हे मला घेता येणार नाही, गोगलगाय. दुसऱ्या कोणालातरी खेळायला देते. पुढच्या महिन्यात छापू."

"पुढच्या महिन्यात उपयोग नाही. दुसऱ्या भागाचं काय ते कंपनी या महिन्यातच ठरवणार आहे. आपल्याशिवाय या गेमबद्दल कोणी लिहिणारही नाही." तिचा आवाज मुळात हळू, आता आणखी हळू झाला. "पण ते जाऊ दे. नियम तो नियम."

बाईंनी परीक्षण ओढून घेतलं आणि उभ्याउभ्या वाचलं. एका जागी थांबल्या, परत वर गेल्या. तिच्या लक्षात आलं, ती शेकोटीची जागा होती.

"एक सांग. तुझं मत तो आवडायच्या आधी बदललं, की नंतर?"

तिने घाईने उत्तर दिलं नाही. खरंच आठवून पाहिलं.

"भालेकरी गेला त्या संध्याकाळी बदललं. तेव्हा तो नुसता अनुवादक होता."

"आणि नंतर?"

"नंतर... गेम होता तेवढाच चांगला राहिला. बाकीचं वाढत गेलं."

आता मात्र बाईंना हसू आवरलं नाही. "मग खरी ओळ लिही. नियमात तेच म्हटलंय, काय संबंध आहे तो लिहा. लोक हसतील, त्याची तयारी ठेव."

"हसू देत. निदान खेळतील तरी."

"पण त्यात तोही आहे हे विसरू नकोस. कोणी म्हणेल, कौतुक काय, प्रेमापोटी केलंय. त्याच्या गेमलाच बोल लागेल. त्याला नको असेल तर ओळही नाही आणि परीक्षणही नाही. पान संध्याकाळी छपाईला सोडायचंय. तोवर मला कळव."

ती जागेवर येऊन बसली आणि ओळ लिहिली. एक शब्द खोडला, परत तोच लिहिला. बाईंनी मागून वाकून वाचलं —

'परीक्षकाला या गेमचा अनुवादक आवडतो. गेम त्याच्या आधी आवडला.'

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "फोन लाव."

तिने फोन हातात घेतला. त्याचं नाव समोर आलं. पलीकडे तो भावाच्या दुकानात असणार, कोणाच्यातरी न्हाणीघराची मापं लिहून घेत. गिऱ्हाइकासमोर फोन उचलेल, 'हं, बोला' म्हणेल, आणि तिला काहीच बोलता येणार नाही. त्याने हो म्हटलं तर? नाही म्हटलं तर?  परत मागे जाऊन नव्याने खेळता येईल असं यात काहीच नव्हतं.

तिने फोन पिशवीत टाकला आणि उठली.

"अगं, परीक्षण तरी ने वाचून दाखवायला," बाई म्हणाल्या.

"नको. तोंडाने सांगेन म्हटलंय."

कागद तसाच टेबलावर राहिला. बाहेर उघडीप होती, रस्ता ओला होता आणि फरशांचं दुकान बरंच लांब होतं. जिना उतरताना ती तेवढी एकच ओळ ओठांतल्या ओठांत म्हणत होती, आणि रस्त्यावर आल्यावर गोगलगाय चक्क भराभर चालू लागली.